'४+४ जीबी'मधली दुसरी ४ जीबी फाइलींच्या सातबाऱ्याला चालत नाही

रॅम महागली ही बातमी आता फक्त कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्यांपुरती उरलेली नाही. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या खास मेमरीत जास्त नफा दिसल्यावर सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या कंपन्यांनी आपली उत्पादनक्षमता तिकडे वळवायला सुरुवात केली. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी 'क्रुशल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी फोन बनवणाऱ्यांपुढे दोन वाटा उरतात. किंमत वाढवा, नाहीतर त्याच किमतीत रॅम कमी द्या. दुसरी वाट धरली की बॉक्सवरचा आकडा लहान दिसतो. मग तो मोठा करण्याची एक युक्ती तयारच आहे: '४+४ जीबी', '८+८ जीबी'.

मी मावळातल्या भाज्याचा. पावसाळ्यात लेण्यांच्या पायथ्याशी कणीस-भजीचा धंदा करणारी पोरं नवा फोन घ्यायच्या आधी हटकून विचारतात, "दादा, ४+४ म्हणजे आठच ना?" या प्रश्नाचं सरळ उत्तर 'नाही' असं आहे. पण का नाही, हे समजायचं तर फोनच्या पोटातली एक गोष्ट ओळखावी लागते. तिचं नाव आयनोड. जाहिरातीत ती कधीच दिसत नाही. पण तुमचा फोटो सेव्ह झाला की नाही, आणि गॅलरी उघडायला किती वेळ लागतो, हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतं.

फाइलचा सातबारा

गावाकडच्या माणसाला आयनोड समजावायला सातबारा पुरतो. जमिनीचा गट नंबर असतो, तसा फाइलचा आयनोड नंबर. सातबाऱ्यावर मालक कोण, क्षेत्र किती, बोजा कोणाचा हे लिहिलेलं असतं. आयनोडमध्ये फाइल कोणाची, किती मोठी, कोणाला वाचायची परवानगी, शेवटचा बदल कधी झाला आणि तिचा मजकूर स्टोरेजवर नेमका कुठे ठेवलाय, हे सगळं असतं. फोटो स्वतः आयनोडमध्ये नसतो, जशी जमीन सातबाऱ्याच्या कागदात नसते.

एक फरक मात्र आहे. सातबाऱ्यावर निदान शेताचं स्थानिक नाव लिहायला जागा असते, आयनोडमध्ये फाइलचं नावसुद्धा नसतं. नाव फोल्डरकडे असतं. फोल्डर म्हणजे 'या नावाची फाइल, अमुक नंबरचा आयनोड' अशी यादी. म्हणून कितीही मोठ्या व्हिडिओचं नाव क्षणात बदलता येतं. बदलते फक्त यादीतली एक ओळ.

अँड्रॉइड फोनमध्ये तुमचा डेटा बहुतेक वेळा दोनपैकी एका फाइल सिस्टिमवर असतो. पहिली एक्स्ट४. डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या नेक्सस एस या फोनपासून गूगलने ती अँड्रॉइडवर आणली. दुसरी एफ२एफएस, सॅमसंगने फ्लॅश स्टोरेजसाठी २०१२ मध्ये पुढे आणलेली. एक्स्ट४ काटेकोर अर्थाने जर्नल ठेवते. एफ२एफएसची पद्धत वेगळी आहे. पण दोघींनाही एक काम करावंच लागतं: स्टोरेजवरचा आयनोड रॅममध्ये आणून ठेवणं.

एका फाइलचे दोन आकार

एक्स्ट४ मध्ये स्टोरेजवरचा आयनोड साधारण २५६ बाइटचा असतो. तोच रॅममध्ये आला की जवळपास १ केबीचा होतो, म्हणजे चौपट. एवढं काय वाढतं?

रॅममधल्या आयनोडला दोन भाग असतात. एक भाग लिनक्स कर्नलमधल्या सगळ्या फाइल सिस्टिमना सारखा. त्यात आकार, मालक, वेळ, आणि दोन ॲप एकाच वेळी फाइलला हात घालू नयेत म्हणून लागणारी कुलपं. त्याच्याभोवती त्या-त्या फाइल सिस्टिमचा खास भाग गुंडाळलेला असतो. एक्स्ट४ च्या खास भागात काय दडलंय ते बघितलं, की 'सेव्ह' या शब्दाचा खरा अर्थ कळतो.

पहिली नोंद आकाराची. रॅममधल्या आयनोडमध्ये फाइलचा आकार दोनदा लिहिलेला असतो! एक आकार ॲपला दिसणारा. दुसरा स्टोरेजच्या हिशेबातला. तुम्ही व्हिडिओ रेकॉर्ड करताय तेव्हा पहिला आकडा भराभर वाढत जातो. दुसरा मागून चालत येतो. मधला जो फरक, तो या क्षणी फक्त रॅमच्या भरवशावर असतो.

दुसरी नोंद राखीव जागेची. एक्स्ट४ लिहायची घाई करत नाही. फोटोचे तुकडे आले की ती 'एवढी जागा लागणार' इतकंच टिपून ठेवते आणि स्टोरेजवरची नेमकी जागा नंतर, सगळा फोटो हातात आल्यावर ठरवते. त्यामुळे फाइल एकसंध बसते आणि फ्लॅशची झीज कमी होते. पण त्या मधल्या वेळात फोटोला स्टोरेजवर पत्ताच नसतो.

तिसरी नोंद एका क्रमांकाची: या फाइलचा शेवटचा बदल जर्नलच्या कितव्या व्यवहारात गेला. तो क्रमांक पुढे लागणार आहे.

आमच्या भाज्याच्या लेण्यांत पाण्याच्या एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत विण्हुदत याच्या दानाचा लेख कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षं पाऊस खाऊनही त्याची नोंद शिल्लक आहे. स्टोरेज त्या दगडासारखं आहे, लिहायला वेळ लागतो पण टिकतं. रॅम म्हणजे कारागिराच्या डोक्यातला मजकूर. तो झटपट बदलता येतो, पण वीज गेली की पुसला जातो.

जर्नल म्हणजे फेरफार वही

मग मध्येच फोन बंद पडला तर सगळा गोंधळ का होत नाही? त्यासाठी जर्नल असतं. पुन्हा तलाठी कार्यालयात चला. जमीन विकली की कोणी थेट सातबारा खोडून नवं नाव लिहीत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. ती प्रमाणित झाली की मग सातबारा बदलतो.

एक्स्ट४ हेच करते. आयनोडमधला बदल आधी रॅममध्ये होतो. तो एका व्यवहारात गोळा होतो. साधारण दर ५ सेकंदांनी असा व्यवहार जर्नलमध्ये लिहून त्यावर 'पूर्ण' असा शिक्का मारला जातो. त्यानंतर सवडीने तो बदल आयनोडच्या मूळ जागी उतरतो. मध्ये वीज गेली, तर फोन चालू होताना जर्नल वाचलं जातं. शिक्का असलेले व्यवहार पूर्ण केले जातात, अर्धवट राहिलेले सोडून दिले जातात. पूर्वी लिनक्सच्या एक्स्ट२ मध्ये अशा वेळी अख्खी डिस्क तपासावी लागायची.

इथे एक गैरसमज होतो, तो काढून टाकू या. फेरफार वहीत जमीन नसते, फक्त जमिनीच्या व्यवहाराची नोंद असते. एक्स्ट४ च्या नेहमीच्या पद्धतीतही जर्नलमध्ये फोटो नसतो, फक्त नोंदी असतात. जर्नलचं वचन एवढंच की नोंदी एकमेकींशी जुळतील, एकाच जागेवर दोन फाइली हक्क सांगणार नाहीत. शेवटच्या काही सेकंदांत काढलेला फोटो वाचेलच, असं वचन ते देत नाही.

हे २००९ मध्ये चांगलंच गाजलं होतं. एक्स्ट४ नवी होती. कॉम्प्युटर अचानक बंद पडल्यावर काहींच्या सेटिंगच्या फाइली शून्य आकाराच्या झालेल्या सापडल्या. नोंदी नीट होत्या, मजकूर स्टोरेजवर पोचायच्या आधीच वीज गेली होती. एक्स्ट४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांची भूमिका होती की ॲपने 'आत्ता लिहून टाक' असं स्पष्ट सांगायला हवं. तरीही नेहमी घडणाऱ्या प्रसंगांसाठी त्यांनी फाइल सिस्टिममध्येच बंदोबस्त केला.

'आत्ता लिहून टाक' या हुकुमाला एफसिंक म्हणतात. मेसेजिंग ॲप डेटाबेसमध्ये मेसेज ठेवतं तेव्हा असाच हुकूम दिला जातो. मग एक्स्ट४ आयनोडमधला तो व्यवहार क्रमांक बघते आणि तेवढा व्यवहार जर्नलमध्ये शिक्क्यासह पोचेपर्यंत ॲपला थांबवून ठेवते.

शिरवाडकरांनी आयनोडमध्ये काय जोडलं

अडचण अशी, की त्या व्यवहारात तुमच्या एकट्याचा बदल नसतो. त्याच ५ सेकंदांत इतर ॲपनी केलेले बदलही त्यात असतात. आणि जर्नलमध्ये नोंद जाते ती अख्ख्या ४ केबीच्या पानांनी. आयनोडमधला एक आकडा बदलला तरी पूर्ण पान. म्हणजे एकाच्या वारसनोंदीसाठी सगळ्या गावाची वही पुन्हा उतरवून काढायची आणि तोवर त्याला बाकावर बसवून ठेवायचं.

यावरचा उपाय डिसेंबर २०२० मध्ये लिनक्स ५.१० सोबत आला, त्याचं नाव 'फास्ट कमिट'. तो लिहिणारे इंजिनियर गूगलचे हर्षद शिरवाडकर. हे आडनाव कुसुमाग्रजांचं, त्यामुळे मराठी वाचकाला ओळख करून द्यायला नको. त्याआधी एक्स्ट४ ला स्नॅपशॉटची सोय जोडणाऱ्या 'नेक्स्ट४' या कामाच्या चार लेखकांतही त्यांचं नाव आहे. फास्ट कमिटची मूळ कल्पना दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये 'आयजर्नलिंग' या नावाने मांडली होती. तिच्यावरून चालू कर्नलमध्ये टिकेल अशी व्यवस्था उभी राहिली. शिरवाडकर, सौरभ कडेकोडी आणि त्सो यांनी तिच्यावर लिहिलेला निबंध २०२४ च्या यूझनिक्स वार्षिक तांत्रिक परिषदेत आला.

उपाय कुठे बसवला, ते बघा. रॅममधल्या आयनोडमध्येच! त्याला काही नव्या नोंदी जोडल्या: ही फाइल झटपट नोंदीच्या रांगेत आहे का, आणि तिचा नेमका कितवा ते कितवा भाग बदललाय. एफसिंक आला की रांगेतल्या आयनोडांकडून एवढंच विचारलं जातं आणि जर्नलमध्ये अख्ख्या पानांऐवजी मोजक्या शब्दांतली नोंद जाते. जुनी पूर्ण नोंद बंद झालेली नाही. ती ठरल्या वेळी होतेच. काही गुंतागुंतीचे बदल असले की फास्ट कमिट स्वतःहून बाजूला होते आणि जुन्या वाटेने काम चालतं. ही सोय आपोआप चालू नसते, फाइल सिस्टिम तयार करणाऱ्याला ती मागावी लागते.

हे काम इतकं दूरचं वाटू नये. मळवलीहून लोकल पकडली की ज्या पुण्यात उतरतो, तिथे व्हेरिटास या कंपनीचं मोठं विकासकेंद्र होतं. व्हीएक्सएफएस ही त्याच कंपनीची जर्नल ठेवणारी फाइल सिस्टिम. स्टोरेज सॉफ्टवेअर हा पुण्याच्या आयटीचा जुना धंदा आहे. ॲप बनवणं दिसतं, हे काम दिसत नाही. पण ॲप उभं राहतं ते याच्यावर.

मला या सगळ्यातून दिसतं ते असं. स्टोरेज सावकाश चालतं, म्हणून रॅममध्ये जास्त माहिती ठेवायची आणि स्टोरेजवर कमी लिहायचं, हाच फाइल सिस्टिमचा वर्षानुवर्षांचा डाव आहे. स्वस्त रॅम गृहीत धरून तो खेळला गेला. आता तीच रॅम महागली आहे.

रॅम कमी पडली की काय होतं

हिशेब करू. एक आयनोड १ केबी धरला तर १ लाख फाइलींचे आयनोड सुमारे १०० एमबी घेतात. १ लाख फाइली जास्त वाटतात? कौटुंबिक ग्रुपवरचे गुड मॉर्निंग, लग्नाचे व्हिडिओ, प्रत्येक ॲपने साठवलेली लहान-लहान चित्रं... आकडा चढायला वेळ लागत नाही. शिवाय अँड्रॉइड ११ पासून फोटो-व्हिडिओंच्या सामायिक स्टोरेजवर परवानग्या तपासणारा एक मधला थर आलाय. त्यातून गेलेल्या फाइलीसाठी रॅममध्ये त्या थराचा एक आणि खालच्या फाइल सिस्टिमचा एक, असे दोन आयनोड राहतात.

अर्थात सगळे आयनोड एकदम रॅममध्ये नसतात. वापरलेले आणले जातात, आणि जागा कमी पडली की कर्नल सध्या न लागणारे टाकून देतो. पण ज्या आयनोडमधला बदल अजून लिहिला गेलेला नाही, तो टाकता येत नाही. आधी लिहावा लागतो. म्हणजे रॅम कमी असलेल्या फोनमध्ये दोन गोष्टी वाढतात. टाकलेले आयनोड पुन्हा-पुन्हा स्टोरेजवरून वाचावे लागतात, म्हणून गॅलरी अडखळते. आणि लिहिण्याची घाई होते, म्हणून कॅमेरा 'थांबा' म्हणतो.

आता '४+४' कडे या. कुठे 'रॅम प्लस', कुठे 'मेमरी एक्स्टेन्शन', नावं वेगवेगळी. मुळात स्टोरेजचा एक तुकडा बाजूला काढून त्यावर रॅममधली पानं हलवायची, एवढंच ते काम. ॲपची पानं अशी हलवता येतात. पण आयनोड कर्नलच्या स्वतःच्या मेमरीत असतात, आणि लिनक्स कर्नलची ती मेमरी स्टोरेजवर हलवता येत नाही. ती खऱ्या रॅममध्येच राहते, नाहीतर टाकून दिली जाते. म्हणून फाइलींच्या हिशेबात दुसऱ्या ४ जीबीला आयनोड ठेवायला एक केबीही जागा नाही.

या सोयीला मी फसवणूक म्हणणार नाही. मागे पडलेल्या ॲपची पानं बाहेर गेली की खऱ्या रॅममध्ये जागा होते, आणि तिचा फायदा आयनोडांनाही मिळू शकतो. पण ही पानं ज्या स्टोरेजवर जातात, त्याच स्टोरेजवरून आयनोड वाचायचे असतात आणि त्याच्यावरच जर्नल लिहायचं असतं. एकाच अरुंद रस्त्यावर दुप्पट गाड्या. पावसाळी रविवारी मळवली ते भाजे रस्ता पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे की अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंचे आकडे एका जातीचे नाहीत. त्यांची बेरीज करून मोठ्या अक्षरांत छापणं ग्राहकाची दिशाभूल करणारं आहे. खऱ्या रॅमचा आकडा वेगळा आणि तितक्याच मोठ्या अक्षरांत छापायला हवा. रॅम महाग असताना तर याची जास्त गरज आहे.

तुमच्या हातात काय आहे

– फोन घेताना अधिक चिन्हाच्या आधीचा आकडा वाचा. बजेट तेवढंच असेल तर जास्त कॅमेऱ्यांपेक्षा खरी रॅम निवडा.

– फोन अडकला म्हणून लगेच पॉवर बटण दाबून धरू नका. नेहमीच्या पद्धतीने बंद केलेला फोन रॅममधले बदल लिहून मगच बंद होतो. जबरदस्तीने बंद केला तर ती संधी मिळत नाही. महत्त्वाचा फोटो किंवा व्हिडिओ काढल्यावर निदान अर्धा मिनिट जाऊ द्या.

– बॅटरी जुनी असेल तर १०-१५ टक्क्यांवरही फोन झटकन बंद पडू शकतो. अशा फोनवर शेवटच्या टक्क्यांत लांब व्हिडिओ काढू नका.

– मेमरी कार्डवर सहसा एक्सफॅट किंवा फॅट३२ असतं. त्यांना जर्नल नसतं. कार्ड काढायच्या आधी सेटिंगमधून 'इजेक्ट' कराच.

– हजारो फॉरवर्ड केलेल्या फाइली काढून टाका. त्याने स्टोरेज तर मोकळं होतंच, शिवाय गॅलरीला शोधावे लागणारे आयनोडही कमी होतात.

– धंदा करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. यूपीआयने आलेल्या पैशांची खरी नोंद बँकेकडे असते. फोन मध्येच बंद पडला म्हणून पैसे जात नाहीत. फोन चालू झाल्यावर बँकेच्या खात्यात बघा.

फोनवर 'सेव्ह झालं' असं दिसतं, तेव्हा बहुतेक वेळा फाइल रॅममधल्या आयनोडमध्ये नोंदली गेलेली असते आणि स्टोरेजच्या वाटेवर असते. ती वाट सुरक्षित करायला जर्नल आहे, लवकर संपवायला फास्ट कमिटसारखं काम आहे. पण तिथवर फाइलला जपणारी जागा खऱ्या रॅमचीच. पुढचा फोन घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "यातली खरी रॅम किती?"